ओळंबा मिस्त्रींचा डोळा

आमचे सासरेबुवा आजारी पडत नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. घरात सर्दीची साथ आली की मी, नवरा आणि मुलगी नाकाला रुमाल लावून आडवे झालेलो असतो, आणि सासरेबुवा दारात उभे राहून आमच्याकडे असे बघतात की जणू आम्ही तिघं परीक्षेत नापास होऊन घरी आलोय. "अंगात प्रतिकारशक्ती लागते," एवढंच बोलतात आणि सिगारेट ओढायला गॅलरीत जातात. तिथे त्यांना चांगला दम लागेपर्यंत खोकला येतो. पण तो खोकला आजारात धरायचा नाही, असा घरचा नियम आहे.

धंदा फरशी बसवण्याचा. सत्तरी ओलांडली तरी कामावर जाणं चालूच. त्यांना सगळे ओळंबा मिस्त्री म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला सोडतात ते. सासरेबुवांना ओळंबा लागत नाही, रेघेसाठी ताणायचं सूत लागत नाही, पातळी बघायची पाणसळ लागत नाही, अशी त्यांची ख्याती, म्हणून हे नाव. खोलीच्या कोपऱ्यात उकिडवं बसायचं, डावा डोळा गच्च मिटायचा, उजव्या डोळ्याने सांध्याच्या रेघेवरून पार समोरच्या भिंतीपर्यंत बघायचं आणि निकाल द्यायचा. साधनं वापरणारा कारागीर त्यांच्या लेखी कुबड्या घेऊन शर्यतीत उतरलेला माणूस. आणि खोटं कशाला बोलू, निकाल बरोबर असायचा. पुढे जो त्रास झाला तो त्यामुळेच झाला.

या माणसाला आणखी चढवायला एक मित्र होता. आम्ही त्यांना पावडरकाका म्हणतो. शाळेत चित्रकला शिकवायचे; निवृत्त झाल्यावर प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर विकायला लागले. हिरवा डबा, डब्यावर ढाल-तलवार घेतलेला उघडाबंब माणूस. पावडरकाकांना स्वतःला बारा महिने सर्दी असते. शिंकत शिंकत ते पावडरीचे फायदे सांगतात आणि मध्येच थांबून नाक पुसतात, पण विश्वास डळमळत नाही, त्यांचाही नाही आणि सासरेबुवांचाही नाही. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा.

"आधीच एवढी प्रतिकारशक्ती, त्यात ही रोजची भर," मी एकदा पावडरकाकांना विचारलं. "जास्तीची जाते कुठे?"

"साठते, सूनबाई," ते गंभीरपणे म्हणाले.

माझा नवरा बापाच्याच हाताखाली काम करतो. बापापुढे तो तोंड उघडत नाही. ते तोंड तो घरी माझ्यासाठी राखून ठेवतो. तर एका ग्रंथालयाच्या वाचनखोलीचं काम त्यांनी घेतलं होतं. लांबलचक खोली, करड्या चौकोनी फरश्या. नवऱ्याने अर्धी खोली बसवली. सासरेबुवा आले, कोपऱ्यात बसले, डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "मध्ये पोट आलंय. उखड."

नवऱ्याने उखडली, पुन्हा बसवली. पुन्हा पोट. तिसऱ्या वेळी त्याने मनाचा हिय्या करून या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलं. सांधा सुताला चिकटून सरळ गेलेला.

"सूतही वाकडं आहे," सासरेबुवा म्हणाले.

"ताणलेलं सूत वाकडं कसं असेल, बाबा?"

"हलकं असेल. हल्ली सगळंच हलकं मिळतं."

नवीन सुताचं रीळ आणलं. तेही वाकडं निघालं. मग पाणसळ आणली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला, तर सासरेबुवांनी ती हातात घेतली, हलवली, कानाशी नेली आणि आतलं पाणी खराब असल्याचं जाहीर केलं. कामावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी सासरेबुवांनी धोतर खोचावं तशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सगळ्यांना बाजूला केलं आणि मधला पट्टा स्वतःच्या हाताने बसवला. एकेक फरशी ठेवायची, उजव्या डोळ्याने बघायची, रबरी हातोड्याने हलकेच ठोकून सरकवायची, पुन्हा बघायची. काम संपल्यावर समाधानाने उठले. त्यांच्या डोळ्याला रेघ सरळ दिसत होती, आणि म्हणूनच ती वाकडी झाली होती. सांधे मध्ये येऊन असे लचकले होते की फरशीला उचकी लागल्यासारखं दिसत होतं.

ग्रंथपालबाई बघायला आल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "मिस्त्री, ही नक्षी आम्ही सांगितली नव्हती," त्या म्हणाल्या.

"रेघ सरळ आहे, बाई. चष्म्याचा नंबर बदलून घ्या."

नवऱ्याने घरी येऊन मला हे सगळं सांगितलं आणि वर विचारलं, दुसऱ्या दुकानातलं सूत आणून बघू का? माझा पारा चढला.

"बापाच्या डोळ्यात बिघाड झालाय आणि तुम्ही सूत कसलं बदलताय?"

"मग तू सांग त्यांना."

सांगून ते ऐकणार नव्हते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मोतीबिंदू, चष्मा, डोळ्यांचा दवाखाना हे शब्द त्यांच्यासमोर काढणं म्हणजे शिवी देणं. म्हणून मी सरळ थाप मारली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्याची फरशी बदलायची आहे, त्यांनी खास ओळंबा मिस्त्रींनाच बोलावलंय, असं सासरेबुवांना सांगितलं. त्यांची स्वारी अशी खुलली की मलाच लाज वाटायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंना मी आधीच फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी बाहेरच्या खोलीच्या फरशीवर 'च्‌ च्‌' करून घेतलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, पण कसलेल्या. त्यांनी मान डोलावून सगळे दोष ऐकून घेतले, मग आत बसवून त्यांच्या हातात एक कार्ड दिलं. कार्डावर आडव्या-उभ्या रेघांच्या बारीक चौकटी आणि मधोमध एक काळा ठिपका.

"काका, डावा डोळा हाताने झाका. ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा."

सासरेबुवांना वाटलं, नवीन फरशीचा नकाशा आहे. त्यांनी डावा डोळा झाकला आणि कार्ड लांब धरलं.

"कुणी काढलंय हे? ठिपक्याभोवतीच्या फरश्या पार खचल्यात. उभ्या रेघा आत ओढल्यात. खाली सिमेंटचा मसाला नीट भरलेला नाही, म्हणून असं होतं. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर उखडायला लावलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी ओठ चावला. "आता उजवा झाका. डाव्याने बघा."

सासरेबुवा बघत राहिले.

"तुम्ही कार्ड बदललंत," शेवटी म्हणाले.

"नाही, काका. कार्ड तुमच्याच हातात आहे."

"मग एवढ्यात दुरुस्त कोणी केलं?"

त्यांनी आलटूनपालटून डोळे झाकले. डावा, उजवा, पुन्हा डावा. कार्ड उलटं केलं, आडवं केलं, मागून बघितलं. मग कार्ड रुमालाने पुसून पुन्हा डोळ्यासमोर धरलं, आणि इतका वेळ हसू दाबत बसलेल्या मला हसू येईना.

डोळ्यात थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून, आतले फोटो काढून झाले. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. "मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आत मागे एक पडदा असतो. त्याच्या मधल्या भागाने आपण बारीक आणि नेमकं बघतो. उतारवयात त्या पडद्याखाली रोजचा कचरा साठायला लागतो. तो उचलायला शरीराची संरक्षण करणारी माणसं येतात, म्हणजे पेशी आणि रक्तातली काही द्रव्यं. तरुणपणी येतात, झाडतात आणि जातात. म्हातारपणी काही जणांच्या डोळ्यात ती जायचं नावच घेत नाहीत. कचऱ्यालाच शत्रू समजतात, हाणामारी सुरू करतात आणि मार बसतो आपल्याच पडद्याला. असं का होतं, ते पूर्ण अजून कोणाला कळलेलं नाही. वय असतं, घराणं असतं, सिगारेट तर असतेच. तुमच्या उजव्या डोळ्यात त्या धुमश्चक्रीत पडद्याखाली नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या झिरपतायत. त्यामुळे पडदा फुगलाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

"खालून ओल आली की फरशी उचलते, तसं?" सासरेबुवांनी विचारलं.

"अगदी तसंच. ती ओल थांबवायला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. याच आठवड्यात पहिलं, मग आणखी. उशीर केला तर मधला भाग कायमचा जाईल, आणि गेलेला परत आणता येत नाही."

सासरेबुवांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण त्यांनी सगळ्यातून आपल्या कामाचं तेवढंच उचललं होतं.

"संरक्षण करणारी माणसं म्हणजे प्रतिकारशक्तीच ना?"

"हो."

"म्हणजे माझी प्रतिकारशक्ती फार जोरात आहे."

"जोरात नाही, काका. बहकलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

'बहकलीय' हा शब्द दवाखान्यातच राहिला. 'जोरात' तेवढा घरी आला. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की इतरांची प्रतिकारशक्ती फार तर सर्दीला पुरते. ओळंबा मिस्त्रींची एवढी तगडी की तिला बाहेर लढायला कोणी उरलं नाही, म्हणून ती आता घरातच हात साफ करतेय. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तर त्यांच्या दंडाला हात लावून बघितला.

पावडरकाका सल्ल्याला आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस डबा गुंडाळेल. त्यांनी विचार केला, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "शिपाई बहकतात कधी? उपाशी ठेवले की. त्यांना पोटभर मिळालं की येतील ताळ्यावर. चमचा दुप्पट करा, मिस्त्री."

"आणि इंजेक्शन?" मी विचारलं.

"ते काय, पुढेही घेता येईल."

सासरेबुवांना हेच ऐकायचं होतं. ज्याने जन्मात कधी सुई टोचून घेतली नाही, त्याने पहिलीच सुई थेट डोळ्यात घ्यायची? आज काम आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा तब्येत इतकी छान वाटतेय की दवाखान्यात जाणं बरं दिसत नाही. स्पष्टच सांगते, ते घाबरले होते. हातोड्याने नख काळंनिळं झालं तरी 'हुं' न करणारा माणूस त्या सुईच्या नुसत्या विचाराने रात्री कूस बदलत पडायचा. मला त्यांची दया यायची, आणि दयेपेक्षा राग जास्त यायचा. मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरून बघितला. अबोला त्यांना आवडला.

असे आठवडे गेले. मग एका दुपारी, एका दुकानाच्या कामावर, ते सवयीने कोपऱ्यात बसले, डावा डोळा मिटला, रेघेवर नजर टाकली आणि ओरडले, "मधली फरशी कोणी काढली रे?"

सगळ्यांनी खाली बघितलं. फरशी जागच्या जागी होती.

"कोणी नाही काढली, बाबा," नवरा म्हणाला.

"मग भोक कसलं दिसतंय तिथे?"

नवऱ्याने त्यांचा हात धरून फरशीवर टेकवला. त्यांनी ती चाचपली, चारही सांध्यांवरून बोट फिरवलं. गार, सपाट, पक्की बसलेली फरशी. मग हळूच म्हणाले, "सूनबाईला फोन कर."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बोलण्याचं काम मी बसमध्येच उरकलं, जाताना अर्धं आणि येताना अर्धं. डोळा बधिर करून इंजेक्शन देऊन झालं, तरी सासरेबुवा विचारत होते, "कधी टोचणार?" ज्या सुईपायी एवढे आठवडे घालवले, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. पुढची इंजेक्शनंही मुकाट्याने घेतली. झिरपणं थांबलं, सूज उतरली, पण उजव्या डोळ्याने जे घालवायचं ते घालवलं होतं. त्या डोळ्याने आता त्यांना कडेकडेचं दिसतं आणि मधोमध धुरकट डाग. माझ्याकडे उजव्या डोळ्याने बघितलं तर माझे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आणि वर म्हणाले, "तेवढंच बरं." मी हसले, आणि भांडी आवरायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसले.

"आता डावा सांभाळायचा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "त्यातही कचरा साठलाय. आज तो शांत आहे. शांत राहीलही, नाहीतर उद्या तिथेही ओल सुटेल. रोज सकाळी उजवा डोळा झाकून या कार्डाकडे बघायचं. एक जरी रेघ वाकली, तरी त्याच दिवशी इथे यायचं. सिगारेट आजपासून बंद. आणि पावडरीने काही होत नाही, काका. ती आहे म्हणून तुम्ही इकडे येत नाही, हा तिचा एवढा एक परिणाम."

सिगारेट त्यांनी सोडली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर कंटाळा आला म्हणून, असं ते सांगतात. हिरवा डबा मी धुऊन त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. पावडरकाका तो बघून दुखावले आणि आठवडाभर आले नाहीत. घरातल्या शिंका एकदम निम्म्यावर आल्या.

राहिलं कार्ड. ते मी फ्रीजवर चिकटवलं. सासरेबुवांनी एकदा बघितलं आणि नापसंत केलं. "छापलेल्या रेघांचा काय भरवसा? छापणारा कोण, त्याची नजर कशी, मला काय ठाऊक?" मग म्हणाले, रेघच बघायची ना, तर स्वयंपाकघरातली फरशी बघेन. ही फरशी त्यांनी हे घर घेतलं तेव्हा, लग्न नवीन असताना, एकट्याने बसवलेली. काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटी. एवढ्या वर्षांत तिची एक कड हललेली नाही, आणि तिच्याविषयी वावगा शब्द काढायची या घरात कोणाची छाती नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, रेघ सरळ असल्याशी कारण, चालेल.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या ऐन घाईच्या वेळी सासरेबुवा स्वयंपाकघरात येऊन मधोमध उभे राहायचे. उजवा तळहात उजव्या डोळ्यावर, मान खाली. मी भांडं घेऊन त्यांना वळसा घालायची, मुलगी दप्तर घेऊन त्यांच्या बगलेखालून जायची. मग ते "ठीक" म्हणायचे आणि चहाला बसायचे. त्या एका शब्दापर्यंत मी श्वास रोखून धरलेला असायचा.

कारण हा माणूस मला पुरता माहीत होता. आजवर त्यांच्या डोळ्यासमोर मुलाची फरशी वाकडी निघाली होती, सूत वाकडं निघालं होतं, पाणसळीतलं पाणी खराब निघालं होतं, ग्रंथपालबाईंचा चष्मा चुकला होता, डॉक्टरांचं कार्ड चुकलं होतं. चुकले नव्हते ते एकटे. उद्या डाव्या डोळ्यात ओल सुटली की हे मुलाला हाक मारणार, छिन्नी-हातोडा मागवणार आणि स्वयंपाकघर उखडायला बसणार. फरशी उखडून पुन्हा बसेपर्यंत डोळा हातचा जाणार, आणि मग त्यांना घरातल्या कोणाचाच चेहरा दिसणार नाही. मी नवऱ्याला छिन्नी लपवून ठेवायला सांगितली होती. तो म्हणाला, "बाबांनी मागितली तर द्यावी लागेल ना." असा माझा नवरा.

एके सकाळी ते आले, उभे राहिले, उजवा डोळा झाकला. "ठीक" आलं नाही.

मी मागे वळून बघितलं. ते खाली वाकले होते. मग उकिडवे बसले. मग ओट्याच्या बाजूने बघितलं, दाराच्या बाजूने बघितलं, पुन्हा ओट्याच्या बाजूने.

"इथे रेघ वाकलीय," ते म्हणाले.

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. नवरा दात घासता घासता तोंडात ब्रश घेऊन दारात आला. त्याने ब्रश काढला आणि विचारलं, "उखडायची का, बाबा?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ब्रश पुन्हा तोंडात घातला.

सासरेबुवा फरशीवर हात फिरवत होते. एक चौकट, दुसरी, तिसरी. बोट सांध्यातून सरळ गेलं, कुठे अडलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मी मनात वाक्यांची जुळवाजुळव करत होते. पाया पडू, की ओरडू, की मुलीला पुढे करू?

"ही फरशी मी बसवलीय," सासरेबुवा म्हणाले. आवाजात तोच तोरा, ग्रंथपालबाईंशी बोलताना होता तो. "ही वाकडी असूच शकत नाही."

खुंटीवरचा शर्ट ओढून त्यांनी अंगात घातला. घाईघाईत एक बटण सोडून पुढचं लावलं आणि तसेच दाराकडे निघाले.

"डोळाच बिघडलाय. चल सूनबाई, चहा राहू दे."

ज्या घमेंडीने मला इतकी वर्षं छळलं, तिला मी त्या क्षणी मनातल्या मनात हात जोडले, गॅस बंद केला आणि त्यांच्या मागे धावले.